काय लक आहे तुमचं!

मालवणच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढून झाली, जाळ्यात बांगडा फडफडत होता, तेव्हा एक पाहुणे आबांना असं म्हणाले. आबा दोराचं वेटोळं घालत एवढंच बोलले, "पाण्याचो रंग बघलंय, म्हणान जाळा टाकलंय."

ते 'लक' दिवसभर खुपत राहिलं.

माशांचा थवा किनाऱ्याजवळ आला, हा योगायोग मान्य. पण पाण्यावरची ती काळपट झाक ओळखायची, होडीनं अर्धगोल वळसा घेत जाळं सोडायचं, मग दोन्ही टोकांना रांगा लावून माणसांनी एका तालात ओढायचं. यात नशीब कुठे बसवायचं?

मोहोर टिकला की आंबा बागायतदारालाही लोक हेच ऐकवतात. फवारणीच्या फेऱ्या कुणी मोजत नाही.

तुमच्या गावात कुणाच्या मेहनतीला असं 'नशीब' म्हणतात?