पहिली तलवार घेताना मुठीच्या आत काय आहे ते पाहा

साताऱ्यात तलवारीचा विषय निघाला की बोलणे धोप या सरळ मराठा तलवारीवर, पट्ट्यावर आणि जलमंदिरातील भवानी तलवारीवर जाते आणि ते स्वाभाविकच आहे. माझा ओढा मात्र गेली काही वर्षे युरोपातील बाराव्या ते पंधराव्या शतकांतील सरळ, दुधारी तलवारींकडे आहे. या दोन गोष्टी वाटतात तितक्या एकमेकींना परक्या नाहीत. सोळाव्या-सतराव्या शतकांत युरोपातून आलेली सरळ पाती दख्खनी मुठींत बसवून मराठ्यांनी ‘फिरंग’ म्हणून वापरली आणि ती पाती या मध्ययुगीन तलवारींचीच पुढची पिढी होती. अशा तलवारीची एखादी प्रतिकृती आपल्याकडे असावी, असे वाटणारे तरुण अलीकडे बऱ्याचदा विचारणा करतात. त्यांचे बजेट बेताचे असते आणि नजर पहिल्यांदा नक्षीवर जाते, म्हणून जरा सविस्तर लिहितो आहे.

तलवार भिंतीवर लावायची आहे, हातात धरून फिरवायची आहे की जोडीदाराबरोबर सराव करायचा आहे, हे आधी ठरवावे. भिंतीसाठी स्टेनलेस स्टीलची शोभेची तलवार पुरते; ती स्वस्त असते, गंजत नाही आणि तिच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. पण शोभेची तलवार एकदाही जोरात फिरवू नये. दोघांच्या सरावासाठी तर बोथट, दीड ते दोन मिलिमीटर जाड कडेची आणि टोक गोल केलेली वेगळी तलवार लागते, शिवाय मुखवटा आणि हातमोजे लागतात. त्या वाटेने जायचे असेल तर सुरुवात लाकडी तलवारीनेच करावी. मर्दानी खेळाचे वस्तादही नवख्याच्या हाती आधी लाठी देतात, ते उगीच नाही.

शोभेची तलवार का फिरवू नये, हे मी एकदा अगदी जवळून पाहिले. एका परिचिताने हौसेने आणलेल्या तलवारीची मूठ हलू लागली, म्हणून आम्ही ती ओळखीच्या लोहाराकडे नेली. त्याने मुठीच्या बुडाचा गोळा पिळून काढला, लाकडी मूठ खाली ओढली आणि आत बोटापेक्षाही बारीक, आटे पाडलेली एक सळई दिसली. पात्याचा खांदा जिथे संपतो तिथे ती सळई वेल्डिंगने चिकटवलेली होती आणि त्या जोडावर केसाएवढी चीर गेलेली होती. “दादा, पातं वेगळं आणि सळई वेगळी, मध्ये नुसता टाका मारलाय,” तो म्हणाला. पाऊण मीटर लांबीचे पोलादी पाते फिरवताना सगळा ताण नेमका त्या टाक्यावर येतो. तो सुटला तर मूठ हातात राहते आणि पाते समोर उभ्या असलेल्या माणसाच्या दिशेने जाते.

म्हणून माझ्या मते स्वस्त तलवारीत पैसे जायला हवेत ते न दिसणाऱ्या भागात. पात्याचा जो भाग मुठीच्या आत शिरतो, त्याला जाणकार टँग म्हणतात. तो पात्याच्याच पोलादाचा, अखंड आणि पुरेसा रुंद असावा, आणि पात्याला जिथे मिळतो तिथला कोपरा काटकोनात न कापता गोलाई देऊन घडवलेला असावा, कारण तीक्ष्ण कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. टँगचे टोक गोळ्यातून बाहेर काढून ठोकून पसरवलेले असेल तर उत्तम. जुन्या तलवारी तशाच बांधल्या जात. नटाने आवळलेली मूठही चालते, पण तो नट अधूनमधून तपासावा लागतो. विक्रेत्याकडे मूठ चढवण्यापूर्वीचा फोटो मागावा आणि तो टाळाटाळ करू लागला तर दुसरा विक्रेता पाहावा.

पोलादाच्या आकड्यांनी नवखा माणूस गोंधळतो, पण त्यात फारसे गूढ नाही. 1060 किंवा 1095 अशा नावातील शेवटचे दोन अंक कार्बनचे प्रमाण सांगतात, म्हणजे पहिल्यात सुमारे 0.6 टक्के आणि दुसऱ्यात सुमारे 0.95 टक्के. कार्बन जास्त म्हणजे तलवार चांगली, असा अर्थ नव्हे. लांब पात्याला कडकपणाइतकीच लवचीकता लागते, म्हणून 1060, 5160 किंवा आपल्याकडे सहज मिळणारे ईएन45 ही निवड मला सुरक्षित वाटते. ईएन45 म्हणजे गाड्यांचे पाटे ज्या जातीच्या पोलादाचे बनतात, तेच. पोलादाच्या नावापेक्षा त्याला पाणी कसे दिले आहे, म्हणजे ते तापवून थंड कसे केले आहे, याला अधिक महत्त्व आहे: चांगले पाते थोडे वाकवून सोडले की पुन्हा सरळ होते, वाकलेलेच राहत नाही.

आता वजनाचे. मध्ययुगीन तलवार आठ-दहा किलोंची असे, हा समज आपल्याकडे अजून पक्का आहे. प्रत्यक्षात त्या काळातील बहुतेक एकहाती तलवारी 1 ते 1.3 किलो वजनाच्या असत आणि दोन्ही हातांनी धरायची लांब तलवारही बहुधा दोन किलोंच्या आतच असे. हे हलकेपण पात्याच्या घडणीतून येते. परजेजवळ, म्हणजे मुठीवरील आडव्या पट्टीजवळ, पाच-सहा मिलिमीटर जाड असलेले पाते टोकाकडे जाईपर्यंत दोन-तीन मिलिमीटरवर येते आणि पात्याच्या मध्यावरची लांब उथळ खाच, म्हणजे पन्हळ, आणखी वजन कमी करते. या पन्हळीचा रक्त वाहून जाण्याशी काहीही संबंध नाही. स्वस्त प्रतिकृतीत पट्टी एकसारख्या जाडीची ठेवून नुसती कड घासलेली असते आणि मग वजनकाट्यावर आकडा योग्य दिसला तरी हात लगेच दमतो. एक किलो दोनशे ग्रॅमच्या दोन तलवारी लागोपाठ हातात घेतल्या तर हा फरक कोणालाही कळेल: एक मनगट वळवताच वळते, दुसरीचे टोक जमिनीकडे ओढ घेते. पाते बोटावर आडवे ठेवून तोल पाहावा. एकहाती तलवारीचा तोल परजेपासून साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटरवर यावा. त्याच्या फार पुढे गेला तर ती फिरवताना खांदा भरून येतो. ऑनलाइन घेणाऱ्याने वजन, तोल आणि दोन्ही टोकांची जाडी लेखी विचारून घ्यावी.

प्रकार निवडताना तलवारींचे अभ्यासक युअर्ट ओकशॉट यांचे वर्गीकरण उपयोगी पडते. त्यांनी मध्ययुगीन तलवारींना दहा ते बावीस असे रोमन आकडे दिले आणि विक्रेतेही तीच भाषा वापरतात. नवख्याने बारावा प्रकार घ्यावा, असे मी आवर्जून सांगतो. रुंद पाते, लांब पन्हळ, साधी आडवी परज, आणि घडण इतकी सरळ की बनवणाऱ्याला लपवायला जागा राहत नाही. पंधरावा प्रकार चिलखताच्या फटींत भोसकण्यासाठी होता. तो दिसतो देखणा, पण स्वस्तात नीट घडलेला क्वचितच मिळतो. परदेशी बाजारात सुरुवातीची कामाची तलवार साधारण 200 ते 400 डॉलरना मिळते. डेहराडूनची विंडलास कंपनी 1943 पासून या व्यवसायात आहे, त्यामुळे आपण मुळात फार दूरची वस्तू शोधत नाही.

कायद्याचा भाग टाळता येणार नाही. शस्त्र अधिनियम, 1959 खालील 2016च्या शस्त्र नियमांत तलवारीचा उल्लेख स्पष्ट आहे. अधिनियमातील शस्त्राच्या व्याख्येतून वगळली आहेत ती खेळण्याखेरीज कशालाही उपयोगी न पडणारी आणि कामाच्या शस्त्रात बदलता न येणारी शस्त्रे; म्हणजे कड बोथट आहे, एवढ्यावर तलवार खेळणे ठरत नाही. कुरिअरने आलेल्या तलवारी पोलिसांनी जप्त केल्याच्या बातम्या आपल्या राज्यातल्याच आहेत. म्हणून मागवण्यापूर्वी आपल्या पोलीस ठाण्यात लेखी विचारणा करावी, धार लावून घेऊ नये, पावती जपून ठेवावी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश लागू असताना तर शस्त्र घेऊन बाहेर पडणेच गुन्हा ठरतो, मग मिरवणूक शिवजयंतीची का असेना.

घरी आणल्यावर खरी परीक्षा आपल्याकडच्या पावसाची असते. कार्बन पोलादाला जून ते सप्टेंबर दर आठवड्याला शिलाई मशीनच्या तेलाचा पातळ हात द्यावा. खोबरेल तेल काही दिवसांनी चिकट होते, म्हणून ते नको. पात्याला हात लागला तर लगेच पुसावे, कारण घामातील क्षार बोटांचे ठसे गंजात उमटवतात. चामडे ओल धरते, त्यामुळे पावसाळाभर पाते म्यानाबाहेर ठेवावे. खंडेनवमीला तलवार पूजेत मांडली असेल तर ओले हळद-कुंकू रात्रभर तसेच राहू देऊ नये. संध्याकाळीच पाते कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा तेल लावावे.