तुम्ही विचारलंत म्हणून: खेळाडूंच्या पगारावर मर्यादा कशाला?

मी सिडनीत राहतो आणि रग्बी लीग बघतो हे कळलं की भारतातले मित्र हमखास विचारतात, "क्लबकडे पैसा आहे, खेळाडूत दम आहे, मग पगाराला मर्यादा का? अन्यायच की हा!" आयपीएलसारखंच आहे, एवढं सांगून भागत नाही. इथे लिलाव नसतो. खेळाडूंची क्लबांमध्ये वाटणी करणारी ड्राफ्टची पद्धतही 1991 मध्ये कोर्टाने रद्द केली. खेळाडू हव्या त्या क्लबशी करार करू शकतो. बंधन आहे ते क्लबच्या एकूण पगारखर्चावर. 2023 मध्ये 30 खेळाडूंसाठी ही सॅलरी कॅप सुमारे 1 कोटी 21 लाख डॉलर होती.

क्लबाक्लबांमधला न्याय बघायचा तर मी कॅपच्या बाजूने आहे. टाउन्सव्हिल या सिडनीपासून दूरच्या लहान शहरातल्या काउबॉईज क्लबने 2015 मध्ये पहिलं विजेतेपद मिळवलं, आणि 1967 पासून खेळणाऱ्या, सिडनीच्या एका उपनगरातल्या क्रोनुला क्लबने 2016 मध्ये. पैशाची मोकळी शर्यत असती तर अशा क्लबांचे चांगले खेळाडू टिकले नसते, असं मला ठामपणे वाटतं.

मला सलतं ते पेनरिथचं. पश्चिम सिडनीतल्या या क्लबने 2021 ते 2024 अशी सलग चार विजेतेपदं जिंकली, तीही बरीचशी आसपासच्या वस्त्यांतली मुलं लहानपणापासून घडवून. जेरोम लुआई त्यातलाच, सेंट मेरीजच्या ज्युनिअर संघातून वर आलेला. संघ जिंकत गेला तसे सगळ्यांचे भाव वाढले, कॅप मात्र त्या वेगाने वाढणारी नव्हती. बर्टन गेला, मग किकाऊ आणि कोरोइसाऊ, मग क्रायटन. 2024 ची ग्रँड फायनल जिंकून लुआईही वेस्ट्स टायगर्सकडे गेला. खेळाडूंना मी दोष देत नाही. गुडघ्यांच्या आणि डोक्याच्या दुखापतींच्या या खेळात कमाईची वर्षं मोजकीच असतात. बुलडॉग्ज या सिडनीतल्या दुसऱ्या क्लबचं तर भलंच झालं: बर्टन, किकाऊ, क्रायटन आले आणि 2016 नंतर थेट 2024 मध्ये त्यांनी बाद फेरी गाठली. कॅपचा हेतू साधला, पण घडवणाऱ्याच्या पदरात काय पडलं?

मेलबर्न स्टॉर्म या क्लबने हाच पेच लबाडीने सोडवला. स्मिथ, स्लेटर, क्रॉन्क, इंग्लिस हा आपणच घडवलेला संच राखायला कॅपबाहेरचे पैसे लपवून दिले. 2010 मध्ये ते उघडकीस आलं. 2007 आणि 2009 ची विजेतेपदं काढून घेतली गेली आणि उरलेला हंगाम त्यांना एकही गुण न मिळता खेळावा लागला. शिक्षा योग्यच होती, कारण नियम पाळून हरलेल्यांचा हक्क त्यांनी मारला होता. पण तो मोह का झाला, हेही बघायला हवं.

बाहेरून आणलेला खेळाडू आणि वयाच्या पंधराव्या वर्षापासून घडवलेला खेळाडू कॅपच्या हिशेबात जवळपास सारखेच धरले जातात. दीर्घकाळ टिकलेल्यांसाठी सवलत आहे, पण तुटपुंजी. घरच्या खेळाडूच्या पगाराचा निदान चौथा हिस्सा कॅपबाहेर ठेवावा, असं माझं म्हणणं आहे. त्याचा फायदा पेनरिथसारख्या भरपूर मुलं असलेल्या भागांना जास्त होईल, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून ही सूट प्रत्येक क्लबला तीन-चार खेळाडूंपुरतीच द्यावी.