आरपीएम मीटर नसलेल्या जुन्या गाडीची रेस ओळखायची कशी

जुनी मोटरसायकल घेतली की पहिला सल्ला हमखास हाच मिळतो, "रेस कमी ठेव, इंजिन जास्त टिकेल". (रेस म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे फिरतं ते, म्हणजेच आरपीएम.) मग लोक काय करतात तर गाडी जरा हलली की पटापट गिअर टाकून टॉपला नेतात आणि तीसच्या स्पीडला, चढावर सुद्धा, टॉपमध्येच ओढत बसतात. खाली इंजिन धडधडतंय, टाकी थरथरतेय, पण गिअर कमी करणार नाहीत, कारण गिअर कमी केला की आवाज वाढतो आणि आवाज वाढला की यांचा जीव वरखाली होतो. माझं मत उलटं आहे. इंजिनाला थोड्या जास्त रेसचा जेवढा त्रास होतो त्यापेक्षा असं गुदमरवून चालवण्याचा जास्त होतो.

टॉप गिअरमध्ये कमी रेसवर थ्रॉटल पूर्ण पिळला की सिलेंडरमध्ये भडका होतो पण पिस्टन हळू खाली चाललेला असतो, म्हणजे तो सगळा दाब कनेक्टिंग रॉडच्या (पिस्टनचा दांडा) आणि क्रँकच्या (तो दांडा फिरवतो तो शाफ्ट) बेअरिंगवर जास्त वेळ बसून राहतो. त्यात ऑइल पंप इंजिनवरच फिरतो, रेस कमी तर ऑइलपण कमी. म्हणजे जेव्हा बेअरिंगवर लोड सगळ्यात जास्त तेव्हाच ऑइल सगळ्यात कमी. सायकलवर चढाला मोठ्या गिअरमध्ये पेडल दाबून बघा, गुडघे काय म्हणतात ते. शिवाय नॉकिंग, म्हणजे इंधन अवेळी भडकून होणारा ठोका. बऱ्याच जुन्या गाड्यांत स्पार्कचं टायमिंग फिक्स असतं किंवा वजनांवर चालणारा साधा मेकॅनिकल अॅडव्हान्स असतो, तो रेस वाढली की स्पार्क लवकर पाडतो, पण लोड किती आहे ते त्याला कळतच नाही. फिक्स टायमिंगवाल्यात कमी रेस आणि फुल थ्रॉटल असेल तर स्पार्क गरजेपेक्षा लवकर पडतो आणि आतून टकटक सुरू होते. त्याच्याही आधीच्या गाड्यांना तर हँडलवर वेगळा लिव्हर असायचा, चालवणाऱ्यानेच चढ आला की स्पार्क मागे घ्यायचा.

आता जास्त रेस म्हणजे नक्की किती? इथे लोक सगळ्या गाड्यांना एकच आकडा लावतात आणि तिथेच गडबड होते. नुसत्या आरपीएमला अर्थ नाही, स्ट्रोक, म्हणजे पिस्टन वरून खाली किती सरकतो, ते बघावं लागतं. पिस्टन एका फेरीत एकदा खाली एकदा वर जातो, म्हणजे स्ट्रोकच्या दुप्पट अंतर. जुन्या कास्ट आयर्न बुलेट ३५०चा बोअर (सिलेंडरचा व्यास) ७० मिमी आणि स्ट्रोक ९० मिमी. यामाहा आरएक्स १००चा बोअर ५० आणि स्ट्रोकही ५०. आरएक्स आपली ११ बीएचपी ताकद ७५०० आरपीएमला देते, तेव्हा तिच्या पिस्टनचा सरासरी वेग येतो सेकंदाला १२.५ मीटर. बुलेटचा पिस्टन तेवढाच वेग ४१७०च्या आसपास गाठतो! म्हणजे आरएक्स किंचाळतेय आणि बुलेट शांत दुडदुड करतेय असं कानाला वाटतं, पण आत दोन्ही पिस्टन सारखेच पळतायत. आणि बुलेटचा पिस्टन कितीतरी जड, तो प्रत्येक फेरीत दोनदा थांबवून परत उलटा फेकायचा. हा झटका रेसच्या वर्गाने वाढतो, ५००० वरून ६००० म्हणजे रेस २० टक्के वाढली पण झटका ४४ टक्के. म्हणून लांब स्ट्रोकच्या गाडीला खालचा गिअर द्या असं मी म्हणतो याचा अर्थ तिची आरएक्स करा असा नाही. तिची मधली रेस असते, तिथे ती खूश असते. आरएक्ससारख्या टू स्ट्रोकचं (जिच्यात दर फेरीला भडका होतो) वेगळंच, ठरावीक रेसच्या खाली तिच्यात जीवच नसतो आणि एकदा ती रेष ओलांडली की एकदम सुटते, तिला खाली दाबून ठेवलं तर प्लग काळा होतो आणि सायलेन्सरमध्ये काजळी साठते.

पण काटाच नाही तर रेस कळणार कशी, हा खरा प्रश्न. बहुतेक जुन्या गाड्यांना आरपीएम मीटर नाही, पण स्पीडोमीटर आहे ना, आणि गिअर म्हणजे शेवटी दातांचा हिशोबच. समजा एका गाडीत इंजिनपासून क्लचपर्यंतचा रेशो ३ (म्हणजे इंजिनाच्या तीन फेऱ्यांना क्लचची एक), टॉप गिअरचा १, पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १५ दातांचं आणि मागचं ४२चं म्हणजे २.८. सगळं गुणलं की ८.४. मागचं चाक एकदा फिरायला इंजिन ८.४ वेळा फिरतं. २.७५-१८चा (२.७५ इंच रुंद, १८ इंची रिमचा) टायर धरला तर वजन बसल्यावर एका फेरीत साधारण १.८५ मीटर जातो. यातून निघतं की टॉपला दर १००० आरपीएमला गाडी १३.२ किमी स्पीडने जाते. ५०ला आहात म्हणजे ३८००. तिसऱ्याचा रेशो १.२५ असेल तर तिसऱ्यात १०.६, म्हणजे त्याच ५०ला ४७००. आता सांगा, एवढ्याशा चढासाठी ९०० आरपीएम वाढले तर काय आभाळ कोसळलं?

मॅन्युअल नसेल तर गाडीलाच विचारा. इग्निशन बंद, प्लग बाहेर काढायचा, मेन स्टँड, टॉप गिअर, मॅग्नेटचं कव्हर काढून रोटरवर (इंजिनाबरोबर फिरणारी मॅग्नेटची चकती) एक खूण आणि टायरवर खडूची एक खूण. मागचं चाक हाताने बरोबर एक फेरा फिरवायचं (टायर धरून फिरवा, चेनजवळ बोटं नकोत) आणि दुसऱ्याने रोटरच्या फेऱ्या मोजायच्या. चाकाचे दहा फेरे करून दहाने भागलं तर आकडा अजून पक्का येतो. असं प्रत्येक गिअरला करायचं, एकदा केलं की झालं, नंतर कान आपोआप शिकतात.

हे केल्यावर अजून एक गोष्ट दिसते ती म्हणजे चार गिअरच्या गाडीत पायऱ्या सारख्या नसतात. पहिला २.८, दुसरा १.७, तिसरा १.२५, चौथा १ असं धरलं तर पहिल्यातून ५००० ला दुसरा टाकला की रेस पडते ३००० वर, पण तिसऱ्यातून चौथ्यात ५००० ची ४००० च होते. त्यामुळे पहिला गिअर थोडा जास्त ओढायचा आणि वर जाताना लवकर टाकले तरी चालतं. लोक बरोबर उलटं करतात, दुसरा घाईत टाकतात आणि गाडी "पिकअप घेत नाही" म्हणून कार्ब्युरेटर खोलतात.

पिकअपवरून स्प्रॉकेट आलंच. पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळपास तीन दात हे लक्षात ठेवा. वरच्या उदाहरणात पुढे १५चं १४ केलं तर रेशो २.८चा ३ होतो, तोच मागे करायला ४२चं ४५ लावावं लागेल. पुढचं स्वस्त आणि सोपं म्हणून सगळे तेच बदलतात, पण फार लहान केलं तर चेन जास्त तीव्र वळते आणि लवकर झिजते, मला ते आवडत नाही. गाडी चढाला टॉपला जातच नसेल, नेहमी दोघं बसून फिरत असाल, तर एक दात कमी करणं ठीक आहे, सरळ मोकळ्या रस्त्यावर मात्र ५०ला ३८०० ऐवजी ४०५० घेऊन बसाल. आणि स्पीडोमीटरची केबल पुढच्या चाकातून येत असेल तर त्याला या बदलाचा पत्ताच लागत नाही, किमी तेच दाखवेल, तुमचा रेसचा हिशोब मात्र नवीन करावा लागेल. मागे २.७५ ऐवजी ३.०० चा टायर टाकला तरी गिअरिंग दोनेक टक्के लांब होतं, म्हणजे त्याच रेसला गाडी तेवढी जास्त जाते, एवढं चालतं.

उतरत्या गिअरला एक सवय लावून घ्या, क्लच दाबला की थ्रॉटलला हलकासा झटका द्यायचा आणि मग खालचा गिअर. इंजिनची रेस चाकाच्या रेसला जुळते, चेन आणि क्लचला धक्का बसत नाही. जुन्या बुलेटच्या गिअरबॉक्सला हे फार मानवतं. (त्या बॉक्सला टाचेने दाबायचा वेगळा न्यूट्रलचा लिव्हर होता, पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून थेट न्यूट्रल. अशी सोय नंतर कोणी का ठेवली नाही कोण जाणे.)

आणि पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारी टू स्ट्रोक असेल, जावा-येझदीसारखी, तर लांब उतारावर हा सगळा हिशोब उलटा होतो. थ्रॉटल बंद, गिअरमध्ये गाडी उतरतेय, रेस चढलेली, पण पेट्रोल फारच कमी आत जातं म्हणजे ऑइलपण तेवढंच कमी. पिस्टन पळतोय आणि कोरडा पडतोय. तिथे दर थोड्या वेळाने थ्रॉटल क्षणभर उघडायचं, एक घोट आत जाऊ द्यायचा. आरएक्ससारख्या वेगळ्या ऑइल टाकीच्या गाडीत पंप रेसवरही फिरतो म्हणून धोका कमी, पण पंपाची केबल थ्रॉटलला जोडलेली असते, बंद थ्रॉटलला तोही कमीच सोडतो, तेव्हा तिथेही मधूनमधून उघडत राहा.