गुरू डोक्यावर, कॅमेरा गोदामात

७ डिसेंबर २०२४ ला गुरूची प्रतियुती होती, म्हणजे सूर्य आणि गुरू यांच्या मधोमध पृथ्वी. सूर्य मावळताना गुरू उगवणार, रात्रभर आकाशात राहणार, बिंब ४८ विकलांच्या आसपास (एका अंशाच्या ३६०० विकला). त्या रात्री मी नाशिकला आमच्या गच्चीवर दुर्बिणीला नुसता आयपीस, म्हणजे डोळ्याने बघायचं भिंग, लावून बसले होते. गुरूसाठीच मागवलेला कॅमेरा मुंबईत, विमानतळाजवळच्या एका गोदामात पडून होता. का, तर तो सीसीटीव्हीचा कॅमेरा असल्याचा संशय! कॅमेरा कसा निवडला असं चार-पाच जणांनी विचारलं म्हणून लिहायला घेतलंय, पण त्या पाच आठवड्यांचा राग अजून गेलेला नाही. तो मध्ये येणारच.

निवड तशी आठवडाभरात झाली होती. माझी दुर्बीण आठ इंची डॉबसोनियन, फोकल लेंग्थ १२०० मिमी. ग्रहामागे आपोआप फिरवणारी मोटर नाही, हाताने ढकलायची. रंगीतच घ्यायचा हे आधीच ठरलेलं. ग्रहाचा फोटो व्हिडिओच्या फ्रेम्स एकत्र करून बनवतात. कृष्णधवल कॅमेऱ्याला लाल, हिरवा, निळा असे फिल्टर बदलत तीन व्हिडिओ घ्यावे लागतात, आणि गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरत असल्यामुळे ते सगळं घाईत उरकावं लागतं. दुर्बीण ढकलता ढकलता एवढं करायची माझी तयारी नव्हती.

"ग्रह एवढासा, त्याला मोठा सेन्सर कशाला?" हे मला जवळजवळ प्रत्येकाने ऐकवलं. हे बोलणाऱ्या सगळ्यांकडे मोटर होती. अडीचपट बार्लो (फोकल लेंग्थ वाढवणारं भिंग) लावली की माझी फोकल लेंग्थ ३००० मिमी होते. पिक्सेल २.९ मायक्रॉनचा असेल तर एका पिक्सेलवर ०.२ विकला येतात. गुरू तेव्हा बराच उत्तरेला होता, त्यामुळे दुर्बीण स्थिर ठेवली तर तो सेकंदाला साधारण १४ विकला सरकणार. आयएमएक्स६६२ हा सेन्सर १९२० पिक्सेल रुंद आहे. त्यावर गुरूचं अख्खं बिंब जेमतेम २४ सेकंद राहणार. आयएमएक्स५८५ चा पिक्सेल तेवढाच, पण रुंदी ३८४०. म्हणजे पन्नासएक सेकंद. वहीच्या मागच्या पानावर हे गणित मांडलं आणि जास्तीचे पैसे मोजायचं ठरवलं.

आयएमएक्स६७८ सुद्धा ३८४० रुंद आहे, पण त्याचा पिक्सेल २ मायक्रॉनचा. ढोबळ नियम असा की पिक्सेलच्या मायक्रॉनला पाचने गुणलं की साधारण किती एफ-आकडा (फोकल लेंग्थ भागिले दुर्बिणीच्या आरशाचा व्यास) हवा ते कळतं. २ ला दहा, २.९ ला साडेचौदा. अडीचपट बार्लोने माझं एफ/१५ होत होतं आणि बार्लो घरात होती. म्हणून आधी बार्लो बघा, मग कॅमेरा. कंपनीवरून फार डोकं शिणवू नका. झेडडब्ल्यूओ, प्लेअर वन, क्यूएचवाय, एसव्हीबोनी, सगळ्यांकडे ५८५ वाला कॅमेरा आहे आणि आतला सेन्सर सोनीचाच.

तर दिवाळीच्या पाडव्याला ऑर्डर दिली. भारतातल्या विक्रेत्याकडेही मिळत होता, पण बाहेरून मागवला तर थोडे पैसे वाचतील हा माझा हिशेब. १४ नोव्हेंबरला पार्सल मुंबईत. मी गच्चीची चावी सोसायटीतून मागून घेतली सुद्धा.

पहिला निरोप आला, केवायसी बाकी. आधारवर माझं लग्नानंतरचं नाव, मधे नवऱ्याचं. पॅनवर माहेरचं. पार्सलवर माझं नाव आणि सासरचं आडनाव, मधलं काहीच नाही. "नाव जुळत नाही." विवाह नोंदणीचा दाखला जोडला, तर फाइल मोठी झाली. लहान केली, तर अक्षरं वाचता येत नाहीत. मधे २० तारखेला मतदानाची सुट्टी. अखेर फोन लागला तेव्हा पलीकडचा मुलगा म्हणाला, "मॅडम, जरा सरांना फोन देता का?" दिला. नवरा म्हणाला, "अहो, त्या दुर्बिणीला डोळा कुठल्या टोकाला लावायचा तेसुद्धा मला माहीत नाही. तिलाच विचारा."

नावाचं मिटलं, तोच २५ तारखेला दुसरी ईमेल. वस्तूचा उपयोग काय? तांत्रिक माहितीपत्रक जोडा. सीसीटीव्ही असल्यास प्रमाणपत्र द्या.

इथे चूक माझी, आणि ती कबूल करायला मला आजही जड जातं. सरळ दोन ओळींत उत्तर द्यायचं सोडून मी शहाणपणा केला. कॅमेऱ्याऐवजी सेन्सरचंच माहितीपत्रक जोडलं, कारण ते मला जास्त भारदस्त वाटलं. आता ५८५ हा सोनीच्या स्टार्विस घराण्यातला. हे सेन्सर मुळात पाळत ठेवणाऱ्या कॅमेऱ्यांसाठीच बनवतात. अंधारात चोर दिसावा म्हणून केलेल्या वस्तूत गुरूचे पट्टेही छान दिसतात, एवढाच आपल्यासारख्या आकाश बघणाऱ्यांचा फायदा. माझ्या कागदावर ठळक अक्षरांत 'सिक्युरिटी कॅमेरा'. पाच आठवड्यांत एकदाच त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं: आपणच पाठवलेल्या माहितीनुसार हा सुरक्षा कॅमेरा आहे, प्रमाणपत्र जोडावे.

त्यानंतर पंधरा दिवस मी जे काही पाठवलं त्यावर एकच छापील उत्तर. तक्रार क्रमांक नवा, मजकूर तोच. रोज रात्री आकाश स्वच्छ. नवरा एकदा म्हणाला, "अगं, गुरू कुठे पळून जाणार आहे का?" तसं त्याचं बरोबर होतं. जानेवारीच्या मध्यालाही बिंब ४५ विकलांच्या वर होतं, शिवाय १६ जानेवारीला मंगळाची प्रतियुती यायची होती. पण तेव्हा मला हे पटवून घ्यायचं नव्हतं.

सुटका झाली ती एका पानी पत्राने. लेन्स नाही. वायफाय नाही, नेटवर्कची केबल लावायला जागा नाही. स्वतः काही साठवत नाही, यूएसबीने लॅपटॉपला जोडल्याशिवाय चालतच नाही. पुढची सव्वा इंची नळी दुर्बिणीच्या फोकसरमध्ये बसते. फक्त वैयक्तिक वापरासाठी, विक्रीसाठी नाही. सोबत गच्चीवरच्या दुर्बिणीचा फोटो, पैसे भरल्याची पावती, आणि या खेपेला सेन्सरचं नव्हे तर कॅमेऱ्याचं पान, ज्यावर 'अ‍ॅस्ट्रॉनॉमी' हा शब्द होता. तिसऱ्या दिवशी ड्यूटी भरायची लिंक आली. ड्यूटी, कुरिअरचा हाताळणी आकार, वर गोदामाचं भाडं! सगळं मिळून भारतातल्या विक्रेत्याच्या किमतीच्या वर गेलं. नवरा यावर काहीच बोलला नाही, ते जास्त लागलं.

१९ डिसेंबरला कॅमेरा हातात. पहिल्या रात्री गुरू लालसर आणि मऊ, फोकस कितीही फिरवला तरी तसाच. या सेन्सरला इन्फ्रारेड भरपूर दिसतं आणि माझ्या कॅमेऱ्याच्या पुढची काच ते अडवत नाही. अतिनील आणि इन्फ्रारेड अडवणारा यूव्ही-आयआर कट फिल्टर लागतोच, आणि मी तो मागवलाच नव्हता. तो मात्र मुकाट्याने भारतातल्या दुकानातून घेतला. तीन दिवसांत आला.

दुसरी अडचण लॅपटॉपची. पूर्ण ३८४० बाय २१६० ची एक फ्रेम आठ बिटांतही आठ एमबीची, माझी जुनी हार्ड डिस्क गुदमरली. मग सहाशे पिक्सेल उंचीची लांबट पट्टीच ठेवली. ओळी कमी केल्या की फ्रेम्सचा वेग वाढतो, हा वरचा फायदा. कॅमेरा फिरवून ग्रह पट्टीच्या लांबीला समांतर जाईल असं करायचं, ग्रह एका कडेबाहेर ठेवायचा, दुर्बिणीवरचा हात काढायचा आणि तो स्वतःहून पट्टी पार करेपर्यंत रेकॉर्ड करायचं. असे तीन-चार व्हिडिओ. मग पीआयपीपी या सॉफ्टवेअरमध्ये ग्रह मध्यावर आणायचा आणि ऑटोस्टॅकर्ट या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम्स एकावर एक रचायच्या.

एडीसी नावाचं प्रिझमचं उपकरण घ्याच, असं युरोपातले लोक सांगतात. क्षितिजाजवळच्या ग्रहाच्या कडा लाल-निळ्या होतात, त्यावर ते उपाय आहे. नाशिकहून त्या हिवाळ्यात गुरू जवळजवळ डोक्यावर येत होता, मला गरज पडली नाही. पण डोक्यावर आला की डॉबसोनियन नीट ढकलता येत नाही, थोडं सरकवायला गेलं तरी अख्खा तळ फिरवावा लागतो. म्हणून मी नऊ-साडेनऊलाच सुरुवात करायचे. दिवसभर तापलेल्या स्लॅबची उष्णता तेव्हा अजून निघत असते. गच्चीवर संध्याकाळी पाणी मारून पाहिलं, थोडा फरक पडला असं मला वाटतं. गुरूवरचा मोठा लाल डाग जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिल्यांदा नीट आला.

आणि हो, हे वरच लिहायला हवं होतं. बाहेरून काही मागवलंत तर पार्सलवर नाव आधारवर आहे तसंच घाला, मधल्या नावासकट. पुढचा अ‍ॅडॉप्टर मी तसाच मागवला. लेबलवर माझ्या नावाला दोन ओळी लागल्या, पण पार्सल सहा दिवसांत दारात.