आत्याचे राहिलेले फोटो: गोकाक, हलशी आणि जुनं घर

गणपतीला यंदा चार दिवस जास्त काढून बेळगावकडं गेलो होतो. बायको, मुलगी आणि बहिणीचा मुलगा असे चौघं, एक गाडी, आणि माझी कॅमेऱ्याची बॅग जी निम्मी डिकी खाते. आत्याचं गाव खानापूर तालुक्यात आहे. पुण्याहून थेट तिकडं न जाता संकेश्वरला हायवे सोडून आधी गोकाकचा धबधबा करायचा असं ठरलं, कारण पावसाळ्यात घटप्रभेला पाणी असतं आणि मुलीनं तो कधी पाहिला नव्हता.

गोकाकला मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सात-आठ वर्षांचा असेन. बाबांकडं आग्फा क्लिक थ्री होता, तो बडोद्यात बनायचा, एका रोलमध्ये बारा फोटो. बारा म्हणजे बारा, त्यामुळं झुलत्या पुलाजवळ बाबांनी आम्हाला उभं केलं आणि सूर्य ढगातून बाहेर येईपर्यंत थांबवून ठेवलं. ते थांबणं मला अजून आठवतं, पायाला तापलेला दगड लागत होता. तो फोटो धुऊन आल्यावर त्याच्या चार कॉप्या काढून चार घरी पोचवल्या होत्या, हेही आठवतं.

यावेळी पाणी भरपूर होतं, तांबूस गढूळ, १७० फुटांवरून खाली पडताना त्याचा धूर होतो आणि तो थेट लेन्सवर येतो. मला पाणी दुधासारखं मऊ दाखवायचं होतं, म्हणजे शटर निदान पाव सेकंद उघडं पाहिजे, म्हणजे ट्रायपॉड आला, उजेड कमी करणारी काच म्हणजे एनडी फिल्टर आला, आणि दर दोन मिनिटांनी कापडानं काच पुसणं आलं. गाडीतल्या एसीतून काढलेली लेन्स बाहेरच्या दमट हवेत आधीच धुकटली होती, ती निवळेपर्यंत दहा मिनिटं गेली. पाऊण तास झाला. फोटो चांगला आलाय, मनापासून आवडला, पण त्या पाऊण तासात मुलीनं कणीस खाल्लं, भिजली, भाच्यासोबत माकडांच्या मागं फिरली, आणि त्यातला एकही क्षण माझ्याकडं नाही. भाच्याच्या फोनमध्ये आहे.

संध्याकाळी आत्याकडं पोचलो. पाय धुतोय तोच आत्या म्हणाली, "मागल्या बारीचे फोटो आणलास काय रे?"

मागच्या बारीचे म्हणजे चार वर्षांपूर्वीचे. तेव्हा जुनं कौलारू घर उभं होतं, पुढच्या वर्षी पाडायचं ठरलेलं, म्हणून मी दोन दिवस घराचे फोटो काढले होते, चारेकशे. कौलं, पडवी, भाताची कणगी, मागच्या दाराची कडी, सगळं. आत्यानं सांगितलं तसं मी उभा राहून काढले. सावकाश बघून, निवडून, नीट एडिट करून मग पाठवू म्हणून हार्ड डिस्कवर ठेवले आणि एक दिवस ती डिस्क सुरूच झाली नाही. दुरुस्तीला दिली, काही परत आलं नाही. दुसरी कॉपी केली नव्हती. हे आत्याला मी कधी सांगितलंच नव्हतं. त्या रात्री सांगितलं. ती काही बोलली नाही, पानात अजून एक भाकरी वाढली.

रात्री झोप लागेना तेव्हा व्हिव्हियन मायर आठवत राहिली. शिकागोत लोकांची मुलं सांभाळायची, रोलायफ्लेक्स घेऊन रस्त्यावर फिरायची, एक लाखाच्या वर निगेटिव्ह मागं ठेवून २००९ मध्ये गेली आणि कित्येक रोल धुतलेसुद्धा नव्हते. जग तिला थोर फोटोग्राफर म्हणतं, मीही म्हणतो. पण मला नेहमी त्या फोटोंमधल्या माणसांचा विचार येतो, त्यांना कधी कळलंच नाही की आपला असा एक फोटो आहे. ती तरी अनोळखी माणसं होती. माझी तर आत्या होती.

दुसऱ्या दिवशी आत्याला घेऊन हलशीला गेलो. वाटेत नंदगड लागतं, इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये तिथंच फाशी दिली, समाधीला हात जोडून पुढं निघालो. हलशी म्हणजे कदंबांची जुनी राजधानी, आणि तिथलं भूवराह नरसिंहाचं देऊळ गोव्याच्या कदंबांच्या काळातलं, बाराव्या शतकातलं. दोन गाभारे समोरासमोर आहेत, एकाकडं तोंड केलं की दुसरा पाठीशी. आत इतका अंधार की लेन्स एफ १.८ एवढी मोठी उघडून सुद्धा आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद, ३२०० पर्यंत चढवावा लागला. मी बॅग गाडीतच ठेवली होती, एक बॉडी आणि एक ३५ मिमी लेन्स एवढंच गळ्यात. आत्या दर्शन घेऊन दारातल्या पायरीवर बसली, पदरानं कपाळ पुसलं, आणि बाहेरचा पावसाळी उजेड तिच्या अर्ध्या चेहऱ्यावर आला. थांब, हल, इकडं बघ, असं काही म्हणायची वेळच आली नाही.

बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन देऊळ, त्यानंतर. रट्ट राजांच्या काळातली, १२०४ ची, आणि छतातून खाली उमललेलं दगडी कमळ बघायला मी कितीही वेळा जाईन. ते बरोबर खालून सरळ काढायला मान मोडते आणि तरी वाकडं येतं. भाच्यानं फोन जमिनीवर उताणा ठेवला, सेल्फी कॅमेरा, दहा सेकंदांचा टायमर, आणि आम्ही बाजूला. कमळ अगदी मधोमध! मी त्याच्याकडून शिकलो आणि परत तसंच दोनदा काढलं.

खरी गोष्ट त्याच दिवशी झाली. मामेभावाला फोन करून सहज विचारलं, त्यानं जुनं व्हॉट्सअ‍ॅप उपसलं, तर घराचे अकरा फोटो निघाले. तेव्हा मी तिथूनच घाईत त्याला पाठवले होते. व्हॉट्सअ‍ॅपनं बारीक केलेले, लांबी सोळाशे पिक्सेलच्या आसपास. आधी वाईट वाटलं, मग हिशोब केला, ४ बाय ६ इंची प्रिंटला अगदी कडक मापानं १८०० बाय १२०० पिक्सेल पुरतात, म्हणजे जेमतेम दोन मेगापिक्सेल. सोळाशेत थोडंच कमी पडतं. माझा कॅमेरा चोवीसचा आहे.

खडेबाजारातल्या एका लॅबमध्ये गेलो. काउंटरवरचा माणूस एकाशी कन्नडमध्ये, माझ्याशी मराठीत, दोन्हीकडं सारख्याच वेगानं बोलत होता. त्यानं एक गोष्ट दाखवली ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी. कॅमेऱ्याचा फोटो ३:२ असतो, तो ४ बाय ६ वर पूर्ण बसतो, पण फोनचा ४:३, तो वरून-खालून कापला जातो. भाच्यानं काढलेल्या फोटोत सगळ्यांचे पाय उडत होते. त्याला पांढरी पट्टी ठेवून पूर्ण काढायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी खानापूरमार्गे परत गावी, पाकिटात चाळीस प्रिंट. हलशीचा फोटो आत्यानं बघितला, "बरी आल्ये की," म्हणाली आणि बाजूला ठेवला. घराचे अकरा मात्र खिडकीपाशी नेऊन एकेक करून बघितले. पडवीच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाली, हितं तुझे बाबा निजायचे. मग मुलीकडून बॉलपेन मागून घेतला, प्रत्येकाच्या मागं काय आहे ते लिहायला लावलं, स्वतः सांगत गेली. माजघर. कोनाडा. आईचं जातं. जातं मी काढलं होतं हे मला आठवतच नव्हतं.

"धाकटीला गोव्याला पाठवायचे हाईत," ती म्हणाली. "आणखी एक जोड काढून आण."

पेनड्राइव्ह लॅबमध्येच राहिला होता. निघताना गाडी परत खडेबाजारात वळवली.