नेत्राणीच्या वाटेवर बोट लागते तेव्हा

कर्नाटकातल्या मुरुडेश्वरच्या किनाऱ्यापासून नेत्राणी बेट सुमारे १९ किलोमीटरवर आहे आणि स्कूबा डाइव्हिंगच्या, म्हणजे हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरण्याच्या, बोटीला तिथे पोहोचायला तास-दीड तास लागतो. मालवणला किल्ल्याजवळ डाइव्ह केला होता तेव्हा बोटीतला प्रवास पंधरा-वीस मिनिटांतच आटोपला होता, त्यामुळे आपल्याला बोट लागते हे मला ठाऊकच नव्हते. जानेवारीत आम्ही कोल्हापूरहून नेत्राणीला गेलो तेव्हा ते चांगलेच कळले, म्हणून येथे बेटापेक्षा मळमळीविषयीच अधिक लिहितो.

उलटी नको म्हणून सकाळी मी नुसत्या चहावर निघालो होतो. प्रत्यक्षात रिकाम्या पोटी उमासे अधिक येतात. निघण्यापूर्वी दोनेक तास आधी इडलीसारखे हलके, बिनतेलाचे काहीतरी खावे. सावलीसाठी इंजिनाजवळ बसलो, तर डिझेलच्या वासाने डोके धरले. त्यातच मान खाली घालून कॅमेऱ्याची पेटी नीट करत राहिलो. आपण हलतो आहोत हे आतल्या कानाला जाणवत असते, पण मांडीवरच्या वस्तूकडे पाहणारे डोळे सारे स्थिर असल्याचे सांगतात, आणि या विसंगतीतूनच मळमळ सुरू होते. बोटीच्या मध्यभागी, वारा लागेल असे बसावे आणि नजर क्षितिजावर ठेवावी.

बोट धावत होती तोवर त्रास बेताचा होता. नांगर टाकल्यावर ती जागच्या जागी डुलू लागली आणि वेटसूट, म्हणजे पाण्यात घालायचा घट्ट रबरी पोशाख, चढवून उन्हात बसलेल्या मला थंड घाम फुटला, तोंडात पाणी सुटू लागले. माझ्या चेहऱ्याकडे पाहून प्रशिक्षकांनी मला सर्वांत आधी पाण्यात उतरवले. वेटसूट शेवटी चढवावा आणि मळमळत असल्यास ते आधीच सांगावे, लपवू नये.

नांगराच्या दोरीने चार-एक मीटर खाली गेलो असेन, तेवढ्यात उलटी आली. हवा देणाऱ्या, तोंडात धरायच्या रेग्युलेटरविषयी बोटीवर प्रशिक्षकांनी बजावून सांगितले होते, “काहीही झाले तरी रेग्युलेटर तोंडातून काढायचा नाही.” उलटीनंतर शरीर आपसूक जोराचा श्वास ओढते, आणि तोंड मोकळे असेल तर पाणीच आत जाते. मी रेग्युलेटर हाताने दाबून धरला, त्यातच उलटी केली, समोरचे बटण दाबून तो साफ केला आणि पहिला श्वास अगदी हळू घेतला. क्षणात पट्ट्यापट्ट्यांचे लहान मासे भोवती जमले. प्रशिक्षकांनी माझा दंड धरून दोनदा खूण करून विचारले. बरे वाटत असल्याची खात्री पटल्यावरच आम्ही पुढे गेलो. आणखी खाली लाटांचे हेलकावे ओसरले आणि मळमळही गेली. तिथेही पाणी हेलकावत असेल तर हलणाऱ्या शेवाळाकडे न पाहता एखाद्या खडकावर नजर ठेवावी. बरे वाटत नसेल तर वर जाण्याची खूण करावी, आणि बोटीतच सतत उलट्या होत असतील तर उतरूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बोट लागू नये म्हणून घ्यायची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, आणि तीही निघण्यापूर्वी तासभर तरी आधी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही. यांतील बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते आणि खोलवर श्वासातल्या हवेतील नायट्रोजनच्या गुंगी आणणाऱ्या परिणामाने ती वाढू शकते, म्हणून गोळी आधी जमिनीवर घेऊन पाहावी. दुसऱ्या दिवशी मी गोळी, इडली आणि आलेपाकाच्या दोन वड्या घेऊन निघालो, तेव्हा त्रास जवळजवळ झालाच नाही. दुपारी वारा चढतो, त्यामुळे सकाळची पहिलीच बोट धरावी.

उलटीने शरीरातले पाणी कमी होते आणि डाइव्हनंतर ते धोक्याचे असते, म्हणून परतताना घोट घोट पाणी किंवा ओआरएस पीत राहावे. किनाऱ्यावर उतरल्यानंतरही भोवळ राहिली, हातापायांना मुंग्या आल्या किंवा सांधे दुखू लागले, तर ते डाइव्हमुळे होणाऱ्या विकाराचे लक्षण असू शकते, म्हणून बोट लागली असे समजून झोपून न जाता लगेच प्रशिक्षकांना सांगावे, ऑक्सिजन मागावा आणि डॉक्टरांकडे जावे.