बास्केटबॉलमध्ये खेळाडू कधी बदलायचा?

नागपुरात उघड्या सिमेंट कोर्टवर दुपारची आंतरमहाविद्यालयीन मॅच असेल, तर पहिल्या पाचांना क्वार्टरची पूर्ण 10 मिनिटं खेळवूच नका. 5-6 मिनिटांनी एक-दोघं बदला. पाचही एकदम बदलले की बचावाची जुळणी तुटते. दमलेला पोरगा लगेच ओळखू येतो: हात गुडघ्यांवर, आणि बचावात पाय हलवायचे सोडून तो हात घालतो. तिथेच फाउल बसतो. पहिल्या हाफमध्ये दोन झाले की बसवाच, पाचव्याला तो बादच.

चेंडू डेड (म्हणजे खेळात नसलेला) आणि घड्याळ बंद असल्याशिवाय बदली मिळत नाही. शिवाय बदली खेळाडूनेच स्कोअररच्या टेबलाशी जाऊन सांगावं लागतं, म्हणून त्याला आधीच वॉर्मअप करून तयार ठेवा. एक पास चुकला म्हणून मात्र कुणालाही ओढू नका. पोरं मग बेंचकडे बघत खेळतात.